एका श्वासात सहा ठोके

झाशीच्या खंडेराव गेटातून आत शिरल्यावर डाव्या हाताला विक्रम भैयाचे रजया-गाद्यांचे दुकान लागते. दुकानाच्या बाजूने लोखंडी जिना वर जातो आणि जिन्याच्या शेवटी एक खोली आहे. त्या खोलीत जयंत खांबेटे गेली चार वर्षे सकाळी आठ ते अकरा माणसे तपासत असत. तपासणे हा शब्द त्यांचाच. कोणी ‘बाबूजी इलाज करते हैं’ असे म्हटले की ते हातातले काम थांबवून दुरुस्ती करत. “इलाज डॉक्टर करतो. मी फक्त तपासतो.” आणि घेणे म्हणाल तर एक पैसाही नाही.

झाशीजवळच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षे नोकरी केली होती. खाते असे, की ज्या मापाने कारखान्यातला माल मोजला जातो ते माप स्वतः खरे आहे की नाही, हे मोजायचे. वीस अंश तापमानाच्या बंद खोलीत बसून त्यांनी हजारो गेज नापास केली होती. निवृत्तीनंतर सहकारी नाशिक-साताऱ्याकडे परतले. हे दोघे नवरा-बायको राहिले. शशिकलाबाईंचे त्यावरचे स्पष्टीकरण ठरलेले होते. “पुण्यात वाद घालायला माणसं कमी नाहीत हो. पण तिथली उलट बोलतात. इकडचे ‘जी बाबूजी’ म्हणून ऐकून घेतात, म्हणून यांचा पाय निघत नाही.”

चिनी वैद्यकाची निदानपद्धती जयंतरावांनी पुण्याला जाऊन-येऊन तीन वर्षांत शिकून घेतली होती. तिच्यात त्यांना यंत्रशाळेची शिस्त दिसली. आधी पाहायचे: चेहऱ्याचा वर्ण, चाल, जीभ. जीभ सकाळच्या उजेडात, चहापूर्वी, आणि गुटखा खाणाऱ्याची तर आठवडाभराच्या उपवासानंतरच. मग ऐकायचे आणि हुंगायचे. या दोहोंना चिनी भाषेत एकच शब्द आहे, हे ते प्रत्येकाला सांगत. मग विचारायचे: झोप, तहान, घाम, थंडी कुठून वाजते. आणि सर्वांत शेवटी मनगट. तीन बोटे, तीन खोल्या: पहिली कातडीलगत, दुसरी मांसात, तिसरी हाडाशी.

एकाच गोष्टीवर त्यांचा आक्षेप होता, आणि तो त्यांनी पुण्यात गुरूंशी तीन वर्षे लढवला होता. या शास्त्रात नाडी घड्याळावर मोजत नाहीत. ती वैद्याच्या श्वासावर मोजतात. वैद्याने एकदा श्वास सोडला आणि एकदा घेतला, की तेवढ्यात निरोगी माणसाच्या नाडीचे चार ठोके पडावेत, फार तर पाचवा अर्धामुर्धा. तीन पडले तर आत थंडी, सहा पडले तर आग. म्हणजे मोजणाऱ्याचे शरीर हेच गेज. जयंतरावांना हे मान्य होण्यासारखे नव्हते. माप माणसाच्या आत ठेवायचे नसते. माणूस तापतो, आक्रसतो, त्याला राग येतो. शेवटी त्यांनी तडजोड केली. रोज सकाळी निघण्यापूर्वी ते स्वतःचे श्वास घड्याळावर तपासून वहीत लिहीत. मिनिटाला पंधरा. चार वर्षांत तो आकडा हलला नव्हता.

“खालच्या बायका मला विचारतात, बाबूजी ऊपर बैठके क्या गिनते हैं,” शशिकलाबाई सांगत. “मी म्हणते, साँस. त्यांना ऐकू येतं सास. म्हणतात, गिनना क्या, एक ही बहुत है।”

फाल्गुनाचा दुसरा आठवडा होता. थंडी सरत आली होती, पण जाड भिंतींच्या त्या खोलीत अजून सकाळी पायाला फरशी गार लागत असे. या ऋतूत नाडीने दगडासारखे खोल राहणे सोडून तारेसारखे ताठ होऊ लागावे, असे शास्त्र सांगते, आणि तोच बदल टिपण्यासाठी जयंतराव रोज पहिल्यांदा विक्रमचा हात बघत. विक्रम पंचेचाळिशीचा, धष्टपुष्ट, चार वर्षांत एक सर्दीसुद्धा न झालेला माणूस. तो त्यांचा नमुना होता. त्या दिवशी त्याच्या मनगटावर त्यांनी सहा ठोके मोजले.

त्यांनी पुन्हा मोजले. सहा.

“ताप आला होता का?”

“नईं तो, बाबूजी।”

जीभ गुलाबी, थर पातळ, डोळे स्वच्छ. आगीची एकही खूण नाही. विक्रमनंतर शाळेतल्या एक बाई आल्या. त्यांचे सहा. नंतर एक म्हातारे गृहस्थ. त्यांचे गेल्या आठवड्यात तीन लिहिले होते, आता पाच. अकरापर्यंत नऊ जण झाले, आणि नऊच्या नऊ जणांत नेहमीपेक्षा दोन ठोके जास्त होते.

सर्व माल एकाच दिशेने चुकत असेल तर माल बरोबर असतो आणि गेज चुकलेले असते. हा त्यांच्या खात्यातला पहिला धडा होता. घरी आल्याबरोबर त्यांनी श्वास मोजले. पंधरा. दुसऱ्या दिवशी ते बोटाला लावायचे यंत्र घेऊन गेले, विक्रमच्या उजव्या हाताच्या बोटाला ते लावले आणि डाव्या मनगटावर आपली बोटे ठेवली. यंत्राने चौसष्ट दाखवले. चौसष्ट भागिले पंधरा, म्हणजे चार आणि थोडे. बोटांखाली त्याच वेळी सहा पडत होते. नवशिक्याला कधी कधी स्वतःच्याच बोटाची नाडी जाणवते. ती शक्यता त्यांनी आपलेच बोट यंत्रात घालून तपासली. त्यांची नाडी बहात्तर होती, या हिशेबात बसत नव्हती. यंत्र बरोबर होते, श्वास बरोबर होता, आणि बोटांखाली प्रत्येक श्वासामागे दोन ठोके असे होते की जे यंत्राला दिसत नव्हते.

त्याच आठवड्यात शशिकलाबाईंना पहिली चक्कर आली. ओट्यापाशी उभ्या असताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि त्या कड धरून खाली बसल्या. त्यांच्या मते ती उपवासाची चक्कर होती. दोन दिवसांनी दुसरी आली, तेव्हा उपवास नव्हता.

जयंतरावांनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी श्वास सोडला, घेतला. दोन ठोके.

सिव्हिल लाइन्समधला हर्षित हृदयाचा डॉक्टर होता, तिशीतला, आणि बोलायला मऊ. त्याने ईसीजीची पट्टी काढली, ती लांबवर धरून पाहिली आणि विचारले, “आंटीजी, कब से?” नाडी मिनिटाला बत्तीस होती. हृदयाचा ठोका निघतो, पण वाटेत निम्मे हरवतात, असे त्याने सोप्या हिंदीत सांगितले. पेसमेकर बसवावा लागेल, त्यासाठी ग्वाल्हेरला जावे लागेल; पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. तोवर एक औषध, आणि एक काम: प्रत्येक चक्कर कधी आली, किती वेळ राहिली, हे लिहून ठेवायचे.

“वाटेत हरवतात म्हणजे कुठे जातात?” जयंतरावांनी विचारले.

“जाते कहीं नहीं, अंकल। पहुँचते नहीं।”

जयंतरावांना हे वाक्य ढिसाळ वाटले. परतीच्या रिक्षात ते त्यावर बोलत राहिले. निघाली आणि पोहोचली नाही, अशी वस्तू कुठेतरी असली पाहिजे. शशिकलाबाई पदराने तोंड झाकून धुळीतून बाहेर बघत होत्या. “त्यांनी मला बरं करायचं म्हटलंय,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला पटवायचं नाही म्हटलेलं.”

खोलीवर जाणे त्यांनी थांबवले नाही. थांबवण्याचे कारण दिसत नव्हते, आणि घरी बसून आपल्याकडे टक लावून पाहण्याला शशिकलाबाईंनी सक्त बंदी केली होती. त्यामुळे जयंतरावांनी चौकशी पुढे चालवली. ते जास्तीचे दोन ठोके कुठल्या थरात आहेत, हे त्यांनी शोधायला घेतले. कातडीलगत चार होते. मांसात चार होते. बोटे हाडापर्यंत दाबली की चार मागे सरत आणि त्यांच्याखाली, विहिरीच्या तळाशी पाणी हलावे तसे, ते दुसरे दोन लागत. संथ. पहिल्यानंतर दुसरा किंचित उशिराने, जणू पाय ठेवण्यापूर्वी पायरी चाचपून पाहणारा.

विक्रमच्या मनगटात ते तसे होते. शाळेतल्या बाईंच्या मनगटात तसेच. माणसे वेगळी, हाडे वेगळी, आणि तळाशी चाल एकच.

ती चाल आपण ओळखतो, असे जयंतरावांना वाटले. कुठली, ते त्यांनी स्वतःला विचारले नाही.

एखादा ठोका त्या शिरेतलाच आहे की बाहेरून आलेला आहे, हे ठरवण्याची एक साधी चाचणी आहे: दाबून पाहायचे. शिरेतला असेल तर बोटाला उलट ढकलतो. त्यांनी विक्रमचे मनगट हाडाशी दाबले आणि दाब धरून ठेवला. तळातले दोन ठोके एकदा अडखळले, मग विझले. वरचे चार निर्वेध चालू राहिले. पाच श्वासांनंतर त्यांनी बोटे सैल केली तेव्हा ते दोन हळूहळू परत आले. त्यांनी वेळ लिहिली, आठ चाळीस, आणि पुढे शेरा: ‘दाबल्यास लोपतो. उलट जोर नाही.’

“बाबूजी, जे का करो तुमने?” विक्रम खांदे हलवत म्हणाला.

“का? दुखलं?”

“नईं। भौत अच्छो लगो। जैसे छाती पे से पथरा उठा लओ होय।”

बाकीच्यांनीही हेच सांगितले. गेल्या काही दिवसांपासून सगळ्यांनाच सकाळी उठल्यावर छातीवर कोणी बसल्यासारखे वाटत होते. दाबले की ते उतरत होते, दिवसभर बरे वाटत होते. बातमी गेटातून बाहेर गेली. पुढच्या सोमवारी जिन्यावर चौदा माणसे होती, बुधवारी बावीस, आणि ती जीभ दाखवायला किंवा झोपेची हकीकत सांगायला थांबत नव्हती. सरळ हात पुढे करत होती. “बाबूजी, तनक दबा दो।” जयंतरावांना ते पसंत नव्हते. निदानाच्या पहिल्या तीन पायऱ्या सोडून चौथीवर उडी मारलेली त्यांना खपत नसे. तरीही त्यांनी दाबले, कारण चाचण्यांची संख्या वाढत होती, आणि प्रत्येक वेळ वहीत लिहिली.

शशिकलाबाईंच्या चकरा वाढल्या. आता त्या भाजी निवडायलाही खाली बसत, वरून पडायला नको म्हणून. नाडी एका श्वासाला दोन, कधी दीड. ग्वाल्हेरची तारीख आठ दिवसांवर आली होती. मुलगी शलाका भोपाळहून येणार होती, आणि फोनवर रोज तिच्या त्या अर्ध्या मराठीत विचारत होती, “आई, तू सच में ठीक आहेस ना? बाबा लपवत तर नाहीत?”

“बाबांना लपवता येतं का कधी?” शशिकलाबाई म्हणत. “ते सगळं लिहून ठेवतात.”

एका दुपारी त्यांनी चकरांची वही जयंतरावांपुढे सरकवली. “डॉक्टरांना माझं अक्षर लागायचं नाही. नीट उतरवून द्या. इंग्रजीत चालेल.”

जयंतरावांनी कागदावर रेघा मारल्या. तारीख, वेळ, अवधी. सोमवार, आठ पन्नास. सोमवार, नऊ पाच. सोमवार, नऊ पंचवीस. ते सुबक अक्षरात उतरवत गेले. बुधवारच्या ओळीवर त्यांची पेन्सिल थांबली. सगळ्या चकरा सकाळी आठ ते अकरा या वेळातल्या होत्या. दुपारची एक नव्हती, रात्रीची एक नव्हती. रविवारी खोली बंद असे. रविवारच्या पुढे शशिकलाबाईंनी लिहिले होते, ‘काही नाही. बेसनाचे लाडू केले.’

त्यांनी पिशवीतून स्वतःची वही काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. पुष्कळ वेळ ते नुसते एकीकडून दुसरीकडे बघत होते. पहिल्या दोन चकरा, डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीच्या, तेवढ्या जुळल्या नाहीत. त्या दिवसांत त्यांनी मनगटे नुसती धरली होती, दाबली नव्हती. तिसरीच्या पुढे त्यांच्या वहीत लिहिले होते, आठ चाळीस. शशिकलाबाईंच्या वहीत, आठ चाळीस. तिथून पुढे एकही ओळ सुटत नव्हती.

बत्तीस. मिनिटाला पंधरा श्वास. म्हणजे प्रत्येक श्वासाला दोन पोहोचत होते आणि दोन पोहोचत नव्हते.

“काय झालं?” शशिकलाबाईंनी विचारले. “अक्षर इतकं वाईट आहे?”

जयंतरावांनी सांगितले. समोर दुसरा कोणी असता तर त्यांनी प्रस्तावना केली असती, आक्षेप आणि उत्तरे दिली असती. त्यांनी तीन वाक्यांत सांगितले. शशिकलाबाईंनी दोन्ही वह्या आपल्याकडे ओढल्या, चष्मा लावला, बोटाने ओळी मिळवल्या. मग चष्मा काढून पदराने पुसला.

“म्हणजे विक्रम भैयाच्या छातीवर मी बसलेय.”

“थट्टा करू नकोस.”

“मग काय करू?” त्या म्हणाल्या. “तुमचा विश्वास बसलाय?”

“योगायोगही असू शकतो. मी जातो त्या वेळी तू एकटी असतेस, मनावर ताण असतो. शिवाय एकदा जुळलेली मालिका म्हणजे सिद्धता नव्हे. त्यासाठी—”

“त्यासाठी एकदा मुद्दाम करून बघावं लागेल.”

“असलं काही मी करणार नाही.”

“तुम्हाला केल्याशिवाय झोप लागायची नाही. एक्केचाळीस वर्षं ओळखते मी.” त्यांनी वह्या मिटून एकावर एक ठेवल्या. “करायचं तर करा. पण कधी करणार ते मला सांगू नका. सांगितलंत तर मी आधीच आडवी होईन, आणि मग तुम्हीच म्हणाल, मनाचा परिणाम.”

दुसऱ्या दिवसापासून शशिकलाबाईंनी गॅस अकरानंतर पेटवायला सुरुवात केली, हे जयंतरावांच्या लक्षात आले.

दोन दिवस त्यांनी कोणाचेही मनगट दाबले नाही. जिन्यावर कुरकुर झाली. त्या दोन्ही दिवशी घरी चक्कर आली नाही. वादात निष्णात असलेल्या त्यांच्या मनाने लगेच दाखवून दिले की हेही सिद्धता नव्हे. नव्या औषधाला गुण यायला इतकेच दिवस लागतात. औषधाने गुण येत असेल तर ग्वाल्हेरला पेसमेकर बसवण्याची गरज नाही. दाबण्याचा संबंध खरा असेल तरीही गरज नाही. पण कोणते खरे, हे कळल्याशिवाय डॉक्टरांपुढे तोंड कसे उघडायचे? एकदा, फक्त एकदा.

गुरुवारी दहा वाजता विक्रम वर आला. रंग उतरलेला, डोळ्यांखाली काळे.

“बाबूजी, अब नईं सहो जात।”

जयंतरावांनी तीन बोटे ठेवली. कातडीलगत चार. मांसात चार. खाली, हाडाशी, ते दोन. आज त्यांनी ओळखले नाही असे म्हणणे शक्य नव्हते. गुडघा दुखू लागल्यापासून शशिकलाबाई जिना असाच चढत: एक पाऊल, मग चाचपून दुसरे.

घड्याळात दहा वीस झाले होते.

बोटे खाली गेली. ती आपण नेली की सवयीने गेली, हे त्यांना नंतर ठरवता आले नाही. ठोके अडखळले. विझले. त्यांनी पाच श्वास मोजले. विक्रमच्या चेहऱ्यावर रंग चढला.

मग त्यांनी हात सोडला आणि फोन लावला. दुसऱ्या घंटीला उचलला गेला.

“हं, बोला.”

“काय करतेयस?”

“मेथी निवडतेय. का?”

“बरी आहेस ना?”

“मला काय झालंय? येताना लिंबं आणा.”

जयंतराव खुर्चीत टेकून बसले. मालिका तुटली होती. एका प्रतिकूल उदाहरणाने सिद्धान्त पडतो. त्यांचा पडला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा हरल्याचा त्यांना आनंद झाला होता. अकराला त्यांनी खोली बंद केली, बड़ा बाज़ारातून लिंबे घेतली, शशिकलाबाईंना आवडते म्हणून पावशेर तिळाची गजक घेतली आणि ते चालतच घरी आले.

मेथीची जुडी ताटात होती. तिचा दोरा अजून सुटलेला नव्हता. शशिकलाबाई भिंतीला टेकून फरशीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या हनुवटीला ओला रुमाल लावलेला होता. वही शेजारी उघडी होती, फोन मांडीवर होता. अक्षर नेहमीपेक्षा मोठे आणि तिरके होते. ‘गुरुवार, दहा वीस. पडले. बराच वेळ उठता आले नाही.’

“फोनवर सांगितलं का नाहीस?”

“तुमचा आवाज ऐकला,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं वाद घातलात. म्हटलं, एकदा तरी तुम्हाला हवं ते उत्तर द्यावं.”

त्या दिवशी जयंतरावांनी खोलीची किल्ली विक्रमला परत केली. कारण सांगितले नाही. विक्रमने हात पुढे केला तेव्हा त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले. तेव्हापासून ते कोणाचेही मनगट धरीनासे झाले, बायकोचेही नाही. रिक्षात चढताना ते तिचा दंड धरत, बाहीवरून.

शशिकलाबाई बऱ्या होऊ लागल्या. बोटावरच्या यंत्रात चाळीस, मग बावन्न, मग एका सकाळी छप्पन्न. चकरा थांबल्या. त्या पुन्हा सकाळी स्वयंपाक करू लागल्या. गॅस पेटवण्याचा आवाज आला की जयंतराव वर्तमानपत्र खाली ठेवत आणि पुन्हा उचलत. हर्षितने फोनवर ऐकून घेतले आणि ग्वाल्हेरची तारीख पुढे ढकलली. सोमवारी दाखवायला या म्हणाला. विक्रमचा एकदा फोन आला. छातीवरचा दगड आपोआप उतरला होता. त्याच्या, आणि गेटातल्या सगळ्यांच्याच.

जयंतरावांनी ते ऐकले, आणि तो दगड कुठे उतरला असेल, असा विचार त्यांच्या मनात आला नाही. हे त्यांच्यासारख्या माणसाच्या बाबतीत नवल होते.

शलाका शनिवारी आली. दोन मजले चढताना मध्ये एकदा थांबली. “ट्रेन में झोप नाही झाली, बाबा,” ती म्हणाली आणि बॅग त्यांच्या हातात दिली. आईला पाहून ती रडली, मग हसली, मग जेवून दुपारभर झोपली. रविवारीही झोपली. प्रवासाचा शीण असा दोन दिवस राहतोच, असे शशिकलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या अंगावर पांघरूण घातले. बोलता बोलता सहज आईचा हात धरून ती पडली होती.

सोमवारी तिघे सिव्हिल लाइन्समध्ये गेले. दवाखान्यात उन्हाची तिरीप तपासणीच्या खोलीपर्यंत येत होती. हर्षितने नवी पट्टी पाहिली, जुनीशी मिळवली, आणि भुवया उंचावल्या.

“अंकल, सच कहूँ तो मुझे ये उम्मीद नहीं थी। दवा से इतना नहीं होता। आपने कुछ किया?”

“नाही,” जयंतराव म्हणाले. “करना बंद किया।”

हर्षित हसला. बाहेरच्या बाकावरून शलाकाचा आवाज येत होता. तिचा नवरा ऋतुराज भोपाळला एकटा होता आणि भात लावत होता. तिने फोन स्पीकरवर टाकला होता, हात उचलून धरायचा कंटाळा आल्यासारखा.

“पाणी बोटाच्या पेराइतकं, ऋतुराज. पेर. अरे, उँगली का पहला जोड़।”

यंत्राचा चिमटा शशिकलाबाईंच्या उजव्या बोटाला होता. सहासष्ट. हर्षितने रिवाज म्हणून डाव्या मनगटावर बोटे ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. थोड्या वेळाने त्याने यंत्राकडे पाहिले. मग पुन्हा घड्याळाकडे.

“अजीब है।”

“काय?” जयंतरावांच्या तोंडून मराठीत निघाले.

“मशीन छियासठ दिखा रही है। हाथ में ज़्यादा लग रहा है। नब्बे के आसपास।”

शशिकलाबाईंनी मान वळवून जयंतरावांकडे पाहिले.

जयंतरावांनी श्वास सोडला, घेतला. नव्वद भागिले पंधरा.

“नीचे जैसे एक और चल रही है,” हर्षित म्हणाला. तो कुतूहलाने पुढे वाकला होता. “आहिस्ता वाली।”

“ती दाबू नका,” एवढेच म्हणायचे होते. पण डॉक्टरला नुसते ‘नका’ म्हणून चालत नाही, कारण द्यावे लागते. आणि जयंतराव त्या कारणाचे पहिले वाक्य शोधत होते, ज्याला आक्षेप घेता येणार नाही असे.

“दो सीटी, ऋतुराज. दोन. उसके बाद गॅस—”

हर्षितने बोटे हाडापर्यंत नेली.

“हाँ,” तो समाधानाने म्हणाला. “अब मशीन से मिल गया। रुकिए, पूरा मिनट गिन लेते हैं।”

खोली शांत होती. घड्याळाचा काटा एक एक घर पुढे जात होता. दाराबाहेर, बाकापाशी नव्हे, त्याहून खालून, फरशीवरून, ऋतुराजचा आवाज येत होता.

“उसके बाद?” तो विचारत होता. “उसके बाद?”